दोन सेकंद

रबाळ्याला, एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर
माझं काम कापड जाळायचं.
पगारी. पीएफसकट.

तीन पट्ट्या उभ्या, तीन आडव्या,
चौकटीच्या खिळ्यांत ताणून बसवायच्या,
दहा सेकंद ज्योत लावायची, काढून घ्यायची,
आणि मोजायचं,
ज्योत गेल्यावर कापड स्वतःच्या जिवावर किती वेळ जळतं.
दोन सेकंद चालतात.
पुढे नापास.
भोक पडता कामा नये, थेंब गळता कामा नये,
आग कडेपर्यंत जाता कामा नये.
काळं पडलं तर पडू दे.

आई विचारते, दिवसभर जाळतेस तरी काय?
मी म्हणते, न जळणारं.
मग पगार कशाचा देतात, म्हणते.

डाबरे सरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
न जळणारं असं काही नसतं, पोरी.
माणसाला पळायला पुरेल एवढा वेळ देणारं असतं.
मग ते चहाला गेले.

मंगळवारी तळोज्याहून वापरलेले गणवेश आले.
वार्षिक तपासणी, चौदा नग, निळे.
सॉल्व्हंटचा वास, घामाचा,
आणि गच्चीवर वाळवलेल्या कपड्यांना येतो तो.
एकाच्या खिशावर नाव : वा. ह. घरत.
डाव्या गुडघ्याला ठिगळ.

काय ठिगळ होतं!
कडा आत दुमडलेल्या,
टाके तांदळाच्या कणीएवढे,
कोपऱ्यांवर दुहेरी.
कापड टेरिकॉट, शाळेच्या पँटीतलं उरलेलं असणार.
पण निळ्याला निळा असा लागलेला
की दोनदा हात फिरवला तेव्हा कुठे कळलं.
हा रंग ट्यूबलाइटखाली जुळत नाही.
कुणीतरी दारात बसून, उजेडाशी धरून बघितलाय.

मी ते कापून चौकटीत लावलं.
दहा सेकंद लागलेच नाहीत.
तिसऱ्याला धागा गेला,
चौथ्याला ठिगळ आकसलं,
मग निळं निळं ओघळत खाली ट्रेमध्ये,
थेंब पडले तरी पेटलेलेच.
मागचं मूळ कापड काळं होऊन
आपल्या जागेवर उभं.

असं गुडघ्यावर वितळलं तर ते कातडीचंच होतं.
काढताना दोन्ही निघतात.
हे मी पुस्तकात वाचलंय. सरांनी पाहिलंय.

रिपोर्टात रकाना आहे : अनधिकृत दुरुस्ती, होय / नाही.
होय.
शेरा : गणवेश बाद करावा.
टाके कसे होते, याला रकाना नाही.

तळोज्याच्या सेफ्टी ऑफिसरला फोन लावला.
घरतांकडे शिवतं कोण?
बायको, म्हणाला. फॉल-बिडिंग करते कामोठ्याला.
तिच्यावर चिडू नका मॅडम,
वर्षाला एकच जोड मिळतो,
दुसरा मागितला तर ठेकेदार पगारातून कापतो.
कापतो?
तो गप्प. मागे कुठलातरी भोंगा वाजत होता.

मी शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहिली :
बदली गणवेश कंपनीच्या खर्चाने द्यावा.
सर म्हणाले, हे आपल्या कक्षेत येत नाही.
चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं,
आणि सही केली.

ठाणे-बेलापूर रस्त्यावर दिवे लागले होते.
कपाटात ॲरामिडच्या धाग्याचं अर्धं रीळ पडून होतं,
पास झालेल्या लॉटमधलं वीतभर कापडही.
दोन्ही पाकिटात घातली. वर चिठ्ठी :
ताई, फाटलं तर याच धाग्यानं, याच कापडानं.
ब्लीच नको, कम्फर्ट नको.
टाके तुमचेच राहू द्या.

पोचलं का, माहीत नाही.
पुढच्या वर्षी गठ्ठा येईल
तेव्हा मी लेबलं नंतर वाचणार आहे,
आधी गुडघे बघणार आहे.